एका कप्प्याची आयसीडी बाटली: घ्यायला हरकत नाही, पण रेघेवर नजर ठेवा

फुफ्फुसाभोवती हवा, पाणी, पू किंवा रक्त साठलं की छातीत नळी (इंटरकोस्टल ड्रेन, म्हणजेच आयसीडी) घालतात आणि तिचं दुसरं टोक या बाटलीत सोडतात. सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत बाटलीही मिळते, पिशवीही. खाटेवरच्या पेशंटला बाटली बरी.

ती पारदर्शक आहे, ही मोठीच सोय. आतली लांब नळी निर्जंतुक पाण्यात २ सेंमी बुडलेली हवी. टोक उघडं पडलं तर हवा उलटी छातीत शिरते. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं, ते ठीकच. बुडबुडे येतायत म्हणजे हवा अजून गळतेय. हालचाल थांबली तर फुफ्फुस पूर्ण फुललं असेल, नाहीतर नळी पेशंटच्याच अंगाखाली दुमडली असेल. आधी चादर उचलून बघा, मग सिस्टरना सांगा.

खोट अशी, की स्रावही त्याच पाण्यात जमतो. पातळी चढते, टोक ८-१० सेंमी खोल जातं आणि हवा बाहेर ढकलायला पेशंटला तितका जास्त जोर लागतो. त्यामुळे बाटली गळ्यापर्यंत भरायची वाट बघू नका, आधीच बदलून घ्या. पहिल्या पातळीवर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहा. नाहीतर ओतलेलं पाणीसुद्धा स्रावात मोजलं जातं आणि नळी काढायचा हिशेब चुकतो. तासाला २०० मिली लाल रक्त येत असेल तर राउंडची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

बाटली कलंडते फार, त्यात भेटायला आलेल्यांचे पाय! पडली तर सरळ करून टोक बुडलंय का बघा. एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर पेशंटशेजारी ठेवू नका, ती कायम छातीच्या खाली हवी. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावून नेण्याची सवय तर घातकच: हवा आत कोंडते, फुफ्फुस दबतं. नळी बाटलीपासून सुटली तर टोक लगेच स्वच्छ पाण्यात बुडवा. छातीतूनच निसटली तर गॉज दाबून धरा आणि सिस्टरना हाक मारा.

दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, मग कफ साठतो. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं स्पायरोमीटर हे व्यायामाचं साधन असतं, त्याच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी मागून घ्या.

नळीसकट घरी सोडणार असतील तर मात्र पिशवीच घ्या. रिक्षात ती मांडीवर नको, पायाशी उभी धरा.