रत्नागिरीतलं बंद घर: होमस्टे करू की ११ महिन्यांच्या कराराने देऊ?

डोंबिवलीच्या आतेभावाचा नाचणे रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आत्या गेल्यापासून बंद. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला की अगं तुम्ही माडीवरच्या खोल्या देता तसं मी पण होमस्टे सुरू करतो, चावी तुझ्याकडे ठेवतो, लोक येतील-जातील. मी म्हटलं थांब जरा, तुझं आणि आमचं घर दिसायला सारखं असलं तरी कागदावर दोन वेगळी प्रकरणं आहेत. मग दोन-तीन दिवस व्हॉट्सॲपवर जे लांबलचक लिहिलं तेच इथे नीट करून टाकतेय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार जण तरी विचारतात.

सगळे आधी विचारतात पैसे किती सुटतात. मी उलटं विचारते, रात्री त्या घरात कोण झोपणार? कारण न्याहारी-निवास म्हणा, होमस्टे म्हणा, या सगळ्या योजनांचा पायाच असा की मालक आपल्या राहत्या घरातल्या जास्तीच्या खोल्या पाहुण्यांना देतोय. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत तर स्पष्टच आहे, एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त १२ बेड, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. त्यात सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन वर्ग. राज्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, तीही मोजक्याच खोल्यांसाठी. आमच्याकडे खाली आई आणि मी, माडीवर दोन खोल्या, म्हणजे या चौकटीत आम्ही अलगद बसलो. आतेभाऊ डोंबिवलीत, फ्लॅटला कुलूप, आणि चावी शेजारणीकडे किंवा माझ्याकडे. हा होमस्टे नाही, ही बिनमालकाची लॉज झाली, आणि लॉज म्हटलं की व्यावसायिक वापर, फायरचं एनओसी, दर सहा महिन्यांनी म्हणजे जानेवारी आणि जुलैत लायसन असलेल्या एजन्सीकडून ते आग विझवायचं सामान चालू असल्याचा बी फॉर्म, हे सगळं एका दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी कोण करणार.

बरं, नोंदणी ही काय भानगड आहे ते सांगते, कारण लोकांना वाटतं खूप मोठं काहीतरी असतं. घराचे मालकीचे कागद, घरपट्टीची पावती, नगरपरिषदेचं ना हरकत, पोलिसांकडचा कागद, खोल्यांचे फोटो, असं सगळं जमवून अर्ज केला. मग तपासणीला साहेब आले. मला वाटलं पडदे-चादरी बघतील म्हणून आईने ट्रंकेतल्या चांगल्या चादरी काढल्या होत्या, तर त्यांनी पहिल्यांदा न्हाणीघर बघितलं, गरम पाण्याची सोय बघितली, जिन्याचा कठडा हलवून बघितला आणि फर्स्ट एडचा डबा उघडून त्यातल्या मलमाची तारीख वाचली. तारीख उलटून गेली होती. हसले, बदला म्हणाले. चादरींकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, आई अजून ते ऐकवते.

सर्टिफिकेट मिळाल्यावर फायदा काय, तर एक म्हणजे घरगुती मीटरवर राहायचं म्हणून महावितरणकडे बोलायला हातात कागद असतो. हे नोंदणीच्या आधीच उपविभागात जाऊन लेखी विचारून ठेवा, व्यावसायिक दर लागला की एसी लावणाऱ्या पाहुण्याचं अर्धं भाडं बिलातच जातं. दुसरं म्हणजे कर्ज. राज्याचं २०२३ चं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आहे, नाव 'आई', त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेल्या आणि बाईच्या मालकीच्या व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये यातलं जे आधी होईल तोपर्यंत. कामावर ठेवलेल्यांत निम्म्या बायका पाहिजेत अशी अट आहे, ती आमच्याकडे शंभर टक्के पूर्ण होते कारण पुरुष माणूसच नाही. घर आईच्या नावावर आणि योजनाही आई, त्यामुळे बँकेत दोन वाक्यांनंतर कोण कुठल्या आईबद्दल बोलतंय ते कळेनासं होतं. शिवाय २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये होमस्टेसाठी मुद्रा कर्ज जाहीर झालंय, तेही विचारा.

आता रोजचं काम. पाहुणा आला की रजिस्टर, कुठून आला, कुठे जाणार, आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, प्रत्येकाचं म्हणजे प्रत्येकाचं. चार मित्र येतात, एकजण आधार पुढे करतो आणि बाकीचे तिघं "आम्ही याच्याबरोबरच आहोत ना" म्हणत चपला काढून आत. तिथे वाईटपणा घ्यावाच लागतो, पोलिस कधी रजिस्टर बघायला आले तर ते तिघं तिथे नसतात, आपण असतो.

आणि परदेशी पासपोर्ट असेल तर सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुणा उतरल्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म, ऑनलाइन, २४ तासांच्या आत. त्यासाठी आधी लॉगिन मंजूर करून घ्यावं लागतं, जिल्ह्यात ते काम एसपी ऑफिसच्या अखत्यारीत. आम्ही ते काढलंच नव्हतं, म्हटलं रत्नागिरीत फॉरेनर कोण येतोय. तर डिसेंबरात मुंबईहून गोव्याला सायकलने निघालेलं एक फ्रेंच जोडपं रात्री नऊ वाजता दारात, आरे-वारेच्या चढाने दोघांचाही जीव गेलेला. परत कसं पाठवणार. जेवायला घातलं, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचे फोटो काढले, आणि सकाळी दहाला एसपी ऑफिसात त्या टेबलापुढे उभी. तिथल्या बाईंनी आधी झापलं आणि मग शेजारी बसवून लॉगिनचा अर्ज करून घेतला. तेव्हापासून एक शिकले की आडनाव बघायचं नाही, पासपोर्ट बघायचा. आडनाव कुलकर्णी, बोलणं अस्सल सदाशिव पेठी आणि पासपोर्ट अमेरिकेचा, असे गणपतीपुळ्याला जाणारे पुष्कळ असतात, त्यांचाही फॉर्म भरायचाच.

नाश्ता-जेवण पैसे घेऊन द्यायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वेगळी. छोट्यांसाठी ती सोपी आहे, घरबसल्या होते.

करारावर देणं याच्या अगदी उलट. सगळी मेहनत एका दिवसात आणि मग ११ महिने शांतता, भाडेकरू बरा असेल तर. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे हाच ११ महिन्यांचा करार लेखी आणि नोंदवलेला असायलाच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला त्याहून भीतीदायक वाटते ती पुढची गोष्ट, की नोंदवलेला करार नसेल आणि भांडण झालं तर भाडं किती ठरलं होतं, किती काळासाठी ठरलं होतं, याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरून चालतात. म्हणजे तुम्ही स्टॅम्प पेपरवर नोटरी करून कपाटात ठेवलंय त्यावर विसंबू नका. उलट नोंदवलेला करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तो जितके दिवस बसेल तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च म्हणाल तर किरकोळ. महिना ८००० भाडं, २४००० डिपॉझिट असं धरा, ११ महिन्यांचं भाडं ८८००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात ते साधारण २२००, त्या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट त्याचे वेगळे घेतो आणि खरं तर तोच सगळ्यात महाग पडतो. भाडेकरूची माहिती पोलिस स्टेशनला द्यायची, ऑनलाइनही देता येते, ते विसरू नका.

फ्लॅट सोसायटीत असेल तर अजून एक पात्र येतं, सेक्रेटरी. कराराने दिला तर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, २००१ चा शासन निर्णय आहे, कोणी मनाला येईल तो आकडा सांगितला तर हा दाखवा. पण रोज नवीन माणसं बॅगा ओढत जिन्यातून जायला लागली तर मात्र सोसायटी गप्प बसणार नाही आणि मला त्यात सोसायटीचं काही चुकतं असंही वाटत नाही. पहाटे पाचला चुकीच्या मजल्यावर बेल वाजवणारा पाहुणा शेजाऱ्यांनी का म्हणून सहन करायचा.

पैशाचं आता. आमच्या दोन खोल्या मिळून गेल्या वर्षी १३० रात्री भरल्या, सरासरी १५०० धरले तर १ लाख ९५ हजार. ऐकायला छान. त्यातून धुणं, वीज, गॅस, हाताखालची बाई, कमोडचं फुटलेलं झाकण, दर पावसाळ्यानंतर रंग, ॲपवरून आलेल्यांचं कमिशन, हे सगळं गेल्यावर सव्वा लाखही पुरतं राहत नाही, आणि आईची आणि माझी मेहनत धरलेलीच नाही त्यात. आतेभावाचा फ्लॅट ९००० ने गेला तर ११ महिन्यांचे ९९ हजार, बसल्या जागी. शिवाय भाड्याच्या उत्पन्नात घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, एकही बिल न जपता. होमस्टेत जेवणखाण, सेवा आल्या की तो धंदा समजून हिशेब करायचा, म्हणजे भाजीवाल्याच्या चिठ्ठ्यांपासून सगळं फाइलला.

जीएसटीला मात्र उगाच घाबरू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि ॲपवरून आलेल्या बुकिंगवर ॲपवालाच कर भरतो. रात्रीला ७५०० पर्यंतच्या खोलीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, आधी १२ होता. पॅन मात्र ॲपला नीट द्या, नाहीतर टीडीएस जास्त कापला जातो.

एक गोष्ट कुठल्याच हिशेबात येत नाही. रत्नागिरीत खोल्या भरतात कधी, मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात. आणि आपली स्वतःची माणसं गावाला येतात कधी? मे महिन्यात. गणपतीत आणि शिमग्याला तर विचारूच नका. म्हणजे ज्या पंधरा दिवसांत खोलीचे पैसे येणार त्याच पंधरा दिवसांत काकाचं कुटुंब, दोन आत्या आणि त्यांची नातवंडं येणार, आणि "आपल्याच घरात आपल्याला खोली नाही?" हे वाक्य दर वर्षी कोणीतरी बोलतंच. जुलै-ऑगस्टमध्ये धो धो पावसात खोल्या रिकाम्या, तेव्हा कोणी येत नाही, ना पाहुणे ना नातेवाईक. कराराच्या भाडेकरूला ऋतू नसतो. मेडिकल कॉलेज आहे, फिशरीज कॉलेज आहे, बदलीवर येणारे बँकवाले आणि सरकारी लोक आहेत, यांना घर बाराही महिने लागतं.

आणि तिसरा रस्ता, जो खरं तर सगळ्यात जास्त लोक धरतात. नोंदणी नाही, करार नाही, ॲपवर फोटो टाकायचे आणि कोणीतरी "मी सगळं मॅनेज करतो, तुम्ही फक्त महिन्याला पैसे घ्या" म्हणणारा भेटला की चावी द्यायची. आमच्या एका नातेवाइकांनी दिली. चार महिने पैसे आले, पाचव्या महिन्यात फोन लागेना, जाऊन बघतात तर हॉलमध्ये सहा गाद्या टाकलेल्या, रजिस्टर नावाची गोष्ट नाही, कोण राहून गेलं देव जाणे, आणि ॲपवर घर अजून दिसतंय. विजेचं थकलेलं बिल यांच्या नावावर. असा माणूस नेमायचाच असेल तर त्याच्याशी लेखी करार करा, त्यात रजिस्टर आणि सी फॉर्मची जबाबदारी कोणाची ते नावानिशी लिहा.

गोव्यात फ्लॅट घेऊन हेच करू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिकडे हा योजनेचा विषय नाही, कायद्याचा आहे. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर पर्यटन खात्यात नोंदणी करावीच लागते, एक खोली असली तरी. ज्यांची शहराबाहेर शेती आहे, सातबारा आहे, त्यांच्यासाठी आपल्याकडे २०२० चं कृषी पर्यटन धोरण हा वेगळाच आणि बराच बरा मार्ग आहे, पण नाचणे रोडच्या तिसऱ्या मजल्यावर सातबारा कुठून आणणार.

तर आतेभावाला मी सांगितलं, आत्या असती तर तुझा होमस्टे झाला असता. आता कराराने दे, नोंदवून दे. त्याला ते पटलं, दोन बँकवाल्या मुली बघून गेल्या, पुढच्या आठवड्यात अंगठे. फक्त शेवटी त्याने हळूच विचारलं की मग मे महिन्यात आम्ही उतरायचं कुठे. माडीवरची मागची खोली १८ तारखेपासून रिकामी आहे, तशी पेन्सिलने नोंद करून ठेवलीय.