कॉकाटीलला पेलेट + घरचा भाजीपाला : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

पेलेट (पक्ष्यांसाठी दाबून केलेलं गोळीचं तयार खाणं) घ्यावे का, पक्षी खाते का, गावात राहून परवडते का, हे लोकं सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट. आमची चिंगी कॉकाटील आहे, मूळ ऑस्ट्रेलियाची लहान पोपटाची जात, पिंजऱ्यातच जन्मलेली. आपल्या वावरातला हिरवा देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे, तेव्हा झाडाच्या ढोलीतून पिल्लू काढून त्याला काय चारू असं कोणी विचारत असेल तर त्यानं आधी वनविभागाला फोन करावा, खाण्याचा चार्ट नंतर.

आमच्या वरुड तालुक्यात पक्ष्याचं खाणं म्हणजे दुकानातलं मिक्स, राळा, बाजरी आणि त्यात सूर्यफूलच जास्त. चिंगी सूर्यफूल तेवढं वेचायची आणि बाकीचं खाली सांडायची. आता लोकं म्हणतात पोपट दाणेच तर खाते ना. खाते, ऑस्ट्रेलियात कॉकाटीलचे थवे ज्वारीच्या वावरात उतरतात, पण ते कोसन् कोस उडतात. आपल्या पिंजऱ्यातल्याला ते उडणं नाही आणि सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेलच असते, ते मग लिव्हरवर चढते. आणि नुसत्या दाण्यात व्हिटॅमिन ए जवळपास नाहीच, कॅल्शियम पण नावालाच. ए कमी पडलं की तोंडात पांढरे ठिपके येतात, शिंका सुरू होतात, इन्फेक्शन लवकर पकडते.

पेलेटचा मुख्य फायदा हा की धान्य, सोयाबीन, व्हिटॅमिन सगळं दळून एकाच गोळीत दाबलेलं असते, त्यामुळे पक्ष्याला वेचून खाता येत नाही. मी बिनरंगाचे बारीक पेलेट घेतले. रंगीत घेतले की विष्ठेला पण रंग येते आणि मग दिसते तो रंग गोळीचा की बिघडलेल्या तब्येतीचा हेच समजत नाही.

सवय लावायला खूप वेळ लागला, हे आधीच सांगतो, कारण बरेच जण दाणे एकदम बंद करतात, भूक लागली की खाईल म्हणून. असं अजिबात करू नका. कॉकाटीलला पेलेट हे खाणं आहे हेच ओळखू येत नाही, तो भांड्यासमोर बसून उपाशी मरू शकते. मी पेलेटचा चुरा करून भिजवलेल्या ज्वारीवर भुरभुरायचो, ज्वारी हळूहळू कमी, चुरा हळूहळू जास्त, आणि संध्याकाळी तिचे नेहमीचे दाणे थोडे तरी द्यायचोच. भांडं भरलेलं दिसलं म्हणून खुश होऊ नका, हलकी फुंकर मारून पाहा, कितीदा तर वर नुसती फोलपटं असतात आणि खाली दाणा नाही. आणि विष्ठा अगदी कमी, गडद हिरवी झाली तर समजा पक्षी खात नाही, लगेच जुन्या खाण्यावर या.

यात सगळ्यात कामाची वस्तू ठरली ती ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. सकाळी खाणं द्यायच्या आधी काट्यावर बसवायची, वहीत लिहायचं. साधारण कॉकाटील 80 ते 100 ग्रॅम भरते. चिंगी सुरुवातीला 112 होती, छातीचं हाड बोटाला लागतच नव्हतं, आता 97-98 वर टिकून आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर वाट पाहायची नाही, डॉक्टर. आणि तालुक्याचा दवाखाना गाई-म्हशी-बकऱ्यांचा, पक्ष्यासाठी आम्हाला नागपूरच गाठावं लागते, म्हणून तर काटा पाहिजेच.

आता भाजीपाला, आणि इथं गावात राहायचा खरा फायदा आहे. किसलेलं कोहळं (लाल भोपळा), गाजर, शेवग्याचा पाला, सांबार (कोथिंबीर), मोड आलेले मूग. कोहळं आणि शेवगा म्हणजे व्हिटॅमिन ए चं घर, आणि शेवगा तर परसातच आहे, पैसे लागत नाहीत. ओला पाला तिच्या पिंजऱ्याच्या वरच्या जाळीला खोचून ठेवला की ती आधी त्यात डोकं घासते, अंग ओलं करते आणि मग एकेक पान देठापासून तोडून खाते, हे पाहत बसावं वाटते. हिरवी मिरची पण आवडीनं खाते, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. पालक कधीमधीच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. संत्र्याची फोड बी काढून, तीही छोटी, आठवड्यातून एखाद वेळ. बगिच्यात फवारणी झाली असेल तर त्यातलं काहीच नाही. भाजी खाल्ली की विष्ठेत पाणी जास्त दिसते, ते जुलाब नाहीत, घाबरू नका.

मादी आहे म्हणून कॅल्शियमचं वेगळं पाहतो, कारण मादी कॉकाटील नर नसतानाही अंडी घालते आणि कॅल्शियम कमी पडलं तर अंडं अडकते, त्यात जीव जाते. त्यासाठी जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेस (समुद्री जीवाचं चुन्यासारखं कवच) भेटते, तेच ऑनलाइन कटलबोन म्हणून महाग विकतात. पेलेट चालू असताना पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब मात्र टाकू नका, ए आणि डी जास्त झालं तरी त्रासच होते.

घरातल्या मोठ्या माणसांना समजावणं पेलेटपेक्षा अवघड गेलं. आजोबांना चहात बुडवलेलं बिस्कीट प्रेमानं द्यायचं असते, पाहुणे चिवडा देतात. चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, मिठाचं काहीही, सफरचंदाच्या बिया, अॅव्होकाडो, हे बंद म्हणजे बंद. शेंगदाण्याचं पण लक्ष ठेवा, दमट जागी ठेवलेल्या शेंगांवर बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष थेट लिव्हरवर जाते. आजोबांना मी मोड आलेल्या मुगाची वाटी हातात देतो, आता सकाळची पाळी त्यांचीच आहे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पार जाते, तेव्हा भिजवलेलं, चिरलेलं खाणं तासाभरात आंबते. म्हणून उन्हाळ्यात ओलं खाणं सकाळी सहा-साडेसहालाच, उरलेलं काढून भांडं धुवायचं, दिवसभर कोरडे पेलेट आणि पाणी दोन-तीनदा बदलायचं.

सध्याचं प्रमाण असं : निम्म्याहून थोडे जास्त पेलेट, बाकी भाजीपाला आणि मोड, संध्याकाळी चमचाभर राळा-बाजरी. सूर्यफूल फक्त हातावर आली की बक्षीस म्हणून. पिसं दाट आली, शिंका बंद आहेत, खाली सांडणं खूपच कमी झालं.

नावडलेलं म्हणजे किंमत, दाण्याच्या कितीतरी पट महाग पडते, पण एक पक्षी दिवसाला खाऊन खाऊन किती खाईल, त्यामुळे एका पक्ष्याला परवडते, दहा-बारा असतील तर विचार करा. दुसरं, एका ऑनलाइन दुकानदारानं मोठ्या पोत्यातून काढून साध्या पन्नीत भरलेला माल पाठवला, त्यावर ना तारीख ना कंपनी, तो परत केला. सीलबंद आणि एक्सपायरीची तारीख छापलेलंच पाकीट घ्या. पावसाळा तोंडावर आहे म्हणून या वेळी मी लहानच पाकीट मागवलंय, फोडलं की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवणार, आणि रोज लागते तेवढंच बाहेर काढणार.