राहिलेला ए अँड पी: कम्युनिटी कॉलेज की घरी येणारं किट?

ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फार्म.डी.ला (अमेरिकेतली फार्मासिस्टची पदवी) प्रवेशाआधी लागणाऱ्या विषयांची यादी नीट उघडून बसलो, तेव्हा पेढ्यांची चव उतरली. केमिस्ट्री झकास, ऑर्गॅनिकच्या दोन्ही सेमिस्टर लॅबसकट, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, सगळं होतं. ह्यूमन अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या, म्हणजे ए अँड पीच्या, दोन सेमिस्टर मात्र नव्हत्या. लॅबसहित मायक्रोबायॉलॉजी नव्हतं. पब्लिक स्पीकिंगही नव्हतं. आमच्याकडे 'कम्पॅरेटिव्ह व्हर्टिब्रेट अ‍ॅनाटॉमी' होतं, ज्यात शार्क आणि मांजर फाडतात. फार्मसीवाले माणूस मागतात.

ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. फार्मकॅस म्हणजे फार्मसी कॉलेजांना अर्ज करायची सामाईक साइट आणि प्रीरिक्विझिट म्हणजे प्रवेशाआधी पुरे करायचे विषय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. (भारतातून बी.फार्म. करून आलेल्यांचा प्रश्न निराळा. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना एफपीजीईईसाठी (परदेशी फार्मसी पदवीधरांची इथली परीक्षा) पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. त्यामुळे त्यातले बरेच जण इथे फार्म.डी.च पुन्हा करतात, आणि त्यांचंही घोडं बहुधा पब्लिक स्पीकिंगपाशी अडतं.)

वाटा तशा चार आहेत. कॉलेज बदलणं ही एक, पण दोन-तीन विषयांसाठी चालू डिग्री मोडू नये असं माझं मत. दुसरी, शेजारच्या कॉलेजाशी आपल्या कॉलेजाचा क्रॉस-रजिस्ट्रेशनचा करार असेल तर तिथे जाऊन विषय करणं. मायक्रोबायॉलॉजी मी तसंच केलं. बसने चाळीस मिनिटं, जादा फी शून्य. तुमच्याकडे ही सोय असेल तर बाकीचं वाचायचीही गरज नाही, आधी रजिस्ट्रारकडे जा. आमच्या करारात ए अँड पी बसत नव्हतं, कारण त्या कॉलेजात तो विषय फक्त नर्सिंगच्या मुलांसाठी राखीव होता. म्हणजे उरल्या दोन वाटा: ऑनलाइन, किंवा उन्हाळ्यात घराजवळचं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज). मी दोन्ही केल्या, एकाच विषयासाठी, आणि पैसे दोनदा भरले.

पहिल्या उन्हाळ्यात ऑनलाइन घेतलं. आपल्या वेगाने करायचा कोर्स, नोंदणी कधीही, वर्ग भरायचा प्रश्नच नाही. माझी उन्हाळ्यात एका औषधांच्या दुकानात टेक्निशियनची नोकरी होती, तिच्या शिफ्टमध्ये हे चपखल बसत होतं. अधिकृत मान्यता असलेल्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, चार क्रेडिट, लॅबसहित. लॅब म्हणजे घरी येणारं किट. किटसकट हजार डॉलरच्या पुढे गेले, पण शिफ्टचे पैसे हातात होते.

किट आषाढात आलं आणि डोळ्याचं प्रकरण श्रावणात. आमच्याकडे एरवी मासे होतात, पण आई श्रावण कडक पाळते. खोक्यात हातमोजे, स्काल्पेल, चिमटे, मेंढीचा मेंदू आणि व्हॅक्यूम पिशवीत गाईचा डोळा. आईने पिशवीवरचं लेबल वाचलं, खोकं बंद केलं आणि एवढंच म्हणाली, "गराजमध्ये." मी गराजमध्ये घडीचं टेबल मांडलं, त्यावर इंडियन ग्रोसरीच्या जाहिरातीचे कागद अंथरले आणि फोन उभा करून रेकॉर्डिंग लावलं, कारण प्रत्येक कापाचा फोटो जोडावा लागतो. पिशवी उघडली आणि त्या रसायनाचा वास दोन दिवस गाडीच्या सीटला होता.

पण डोळा मी जन्मात विसरणार नाही. बाहेरचं पांढरं कवच वाटतं त्याहून कितीतरी चिवट. ते गोल कापलं की आतून जेलीसारखा लगदा सरकत बाहेर येतो आणि त्याच्या मागून भिंग, अगदी गोटीएवढं. पडदा बाजूला केला की मागे निळ्या-हिरव्या रंगाचा चमचमता थर असतो, टेपीटम. रात्री गाईचे डोळे गाडीच्या दिव्यात चमकतात ते याच्यामुळे. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. आई दारातून "झालं का रे?" विचारायला आली आणि तिथेच थांबली. "हा तर मोरपिशी आहे," म्हणाली. मग गेली आणि अंघोळ करून आली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण ऑनलाइन म्हणजे टाइमपास असा जो समज आहे तो मला तरी खरा वाटला नाही. मी शिकलो. एक-दोन गोष्टी जड गेल्या. परीक्षेच्या आधी वेबकॅमने खोली गोल फिरवून दाखवायची, आणि मध्येच आजी चहा घेऊन आत आली तर कॉम्प्युटर ते 'संशयास्पद' म्हणून नोंदवतो. आपल्या वेगाने करायचं म्हटलं की आपला वेग काय असतो तेही कळतं. सहा आठवड्यांचं काम मी तेरा आठवडे ताणलं. पण ही सगळी कुरकुर चालवून घेण्यासारखी होती.

चालली नाही ती एकच गोष्ट.

ए अँड पी वनला चांगला ग्रेड पडला आणि मी पाच फार्मसी कॉलेजांना ई-मेल टाकला: ही ऑनलाइन लॅब तुम्हाला चालेल का? एकाने हो म्हटलं. एकाने नाही म्हटलं, लॅब प्रत्यक्षच हवी. उरलेल्या तिघांकडून थोड्याफार फरकाने एकच उत्तर: केस बाय केस. अर्ज करा, सिलॅबस जोडा, मग बघू.

हे 'केस बाय केस' दिसतं सभ्य, पण ज्याला पुढचा उन्हाळा आखायचा आहे त्याच्यासाठी ते काहीच नसतं. नाही म्हटलं तर मी दुसरं काही करतो, हो म्हटलं तर ए अँड पी टूला नाव घालतो. 'बघू' म्हटल्यावर काय करायचं? मी सिलॅबस पाठवला. एका ऑफिसने लॅबची यादी वेगळी मागितली. ती पाठवली तर लॅबचे तास लिहून मागितले. कोर्सवाल्यांकडे तासांचा हिशेबच नव्हता, कारण कोर्स आपल्या वेगाचा. हा किती तासांचा डोळा होता, ते कोण सांगणार? ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे एकोणीस ई-मेलचा धागा जमला होता आणि उत्तर तेच. त्यात लहानसा खोडा आणखी एक: ए अँड पी वन एकीकडे आणि टू दुसरीकडे केलेलं बऱ्याच कॉलेजांना आवडत नाही, कारण कुठली संस्था डोळा-कान पहिल्या सेमिस्टरला घेते, कुठली दुसऱ्या. म्हणजे एकदा ऑनलाइनवर पाय ठेवला की पुढचा पायही तिथेच.

त्या हिवाळ्यात मी ऑनलाइनचा नाद सोडून दिला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही भाग घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात केले. वन पुन्हा पहिल्यापासून.

आता त्याचीही रड ऐका, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतोय असं वाटेल. व्हिजिटिंग, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून एखाद्या विषयापुरत्या आलेल्या, विद्यार्थ्याचा नंबर नोंदणीत शेवटी लागतो. ए अँड पीच्या जागा नर्सिंगची मुलं भराभर उचलतात. मी वेटलिस्टवर अकरावा होतो आणि वर्ग सुरू व्हायच्या चार दिवस आधी आत आलो. त्यातही जनरल बायॉलॉजी झाल्याचा पुरावा म्हणून ओहायोचं ट्रान्सक्रिप्ट आणि लसींचा कागद मागितला. म्हणजे प्रीरिक्विझिटलाही प्रीरिक्विझिट. मग मेच्या अखेरीपासून आठवड्यातून चार दिवस, सकाळी लेक्चर आणि त्याला लागूनच लॅब. सहा आठवड्यांत वन, जुलै लागताच टू. एक दिवस आजारी पडलात की अख्खे स्नायू गेले. दुकानाची शिफ्ट संध्याकाळची करून घ्यावी लागली आणि झोपेचं नाव काढायचं नाही.

लॅब प्रॅक्टिकलला टेबलांवर मॉडेलं मांडलेली असतात, त्यांत नंबर लावलेल्या टाचण्या खोचलेल्या. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. डोळ्याचं मॉडेल आलं तेव्हा मला हसू आलं. प्लॅस्टिकचा, नारळाएवढा, झाकण उघडणारा डोळा. टाचणी ऑप्टिक नर्व्हला. गराजमधला खराखुरा डोळा तीन ठिकाणी 'बघू'त अडकला होता आणि हा नारळ पाचही कॉलेजांनी एका ओळीत मान्य केला. दोन कॉलेजांच्या साइटवर तर आसपासच्या कम्युनिटी कॉलेजांच्या विषयांचे तक्तेच होते: तुमचा हा नंबर, आमचा तो नंबर. न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर, कॅलिफोर्नियात असिस्ट, अशा राज्यांच्या साइट आहेत तिथेही आधी बघून घ्यावं. तिथे विषय सापडला की ई-मेल शून्य.

शिकवण्यात फरक होता का? प्रामाणिकपणे, अवयव बघण्यात ऑनलाइन थोडं उजवंच म्हणेन. पण कम्युनिटी कॉलेजात माझ्या शेजारी चाळिशीतल्या एक बाई होत्या, रात्रपाळीची नर्सिंग असिस्टंट. किडनीतला नेफ्रॉन त्यांनी मला पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काढून समजावला. तो अजून तसाच्या तसा डोक्यात आहे. असलं किटमध्ये येत नाही.

पैशांचं म्हणाल, तर आपल्या काउंटीच्या कॉलेजात काउंटीचा दर लागतो, बाहेरच्यांना जास्त. मला दोन्ही भाग मिळून ऑनलाइनच्या एका भागापेक्षा फार वर गेले नाहीत. तुमच्या राज्यात वेगळं असू शकेल.

कुठलीही वाट धरा, दोन-तीन खड्डे सामाईक आहेत. बाहेर केलेल्या विषयाचे क्रेडिट आपल्या कॉलेजात येतात, पण ग्रेड बहुधा तिथल्या जीपीएत धरत नाहीत. त्यावरून पुष्कळ जण निर्धास्त होतात. फार्मकॅस सगळं धरतं. प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागतं, एकाच विषयाचं असलं तरी, आणि पुन्हा केलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड हिशेबात घेतं. जानेवारी २०२४ मध्ये पीकॅट ही फार्मसीची प्रवेशपरीक्षा कायमची बंद झाल्यापासून दाखवायला हेच ग्रेड उरलेत. आपल्या रजिस्ट्रारची परवानगी वर्ग सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या. शेवटचे तीस क्रेडिट इथेच करा असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. आणि क्वार्टर पद्धतीचा (सेमिस्टरहून छोट्या सत्राचा) कोर्स घेताना गुणाकार करा: चार क्वार्टर युनिट म्हणजे २.६७ सेमिस्टर क्रेडिट. तीन मागितले असतील तर ते पुरत नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर चालू सेमिस्टरला पूर्ण वेळेच्या हिशेबात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट, धरता येतो. डीएसओला (कॉलेजातल्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळं अर्जाआधीच संपायला हवं असंही नाही. राहिलेला विषय 'प्लॅन्ड' म्हणून दाखवता येतो, फक्त वर्ग सुरू व्हायच्या आत पुरा व्हायला हवा.

ऑनलाइनला मी अगदीच मोडीत काढत नाही. लॅब नसलेला विषय असेल, इकॉनॉमिक्स म्हणा, स्टॅटिस्टिक्स म्हणा, तर खुशाल घरी बसून करा. तिथे मला एकाही कॉलेजाने आडवं लावलं नाही. पब्लिक स्पीकिंग मी तसंच केलं. त्यात अट अशी की भाषण प्रत्यक्ष प्रौढ श्रोत्यांसमोर द्यायचं आणि कॅमेरा फिरवून श्रोते दाखवायचे. गणपतीत घरी माणसं जमली तेव्हा आरती झाल्यावर सहा काका-काकूंना सोफ्यावर बसवून मी अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर सात मिनिटं इंग्रजीत बोललो. कॅमेरा फिरताना एक काका मोदक खाताना सापडलेत. ए मायनस मिळाला.

पण लॅबचा विषय असेल, आणि गाडीने तासाभरात कम्युनिटी कॉलेज असेल, तर तुमच्या जागी मी तिकडेच गेलो असतो. नोकरी सुटण्यासारखी नसेल, किंवा तुम्हाला जायचंय त्या एकाच कॉलेजाने ऑनलाइन लॅबला लेखी हो दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तो ई-मेल सेव्ह करून ठेवा. नसेल, तर व्हिजिटिंगवाल्यांची उन्हाळ्याची नोंदणी कोणत्या तारखेला, किती वाजता उघडते ते आत्ताच शोधा आणि त्या सकाळी कुठलंच लेक्चर ठेवू नका. वेटलिस्टवर अकरावा नंबर आला तरी नाव काढू नका. पहिल्या आठवड्यात हाडांची यादी हातात पडते आणि बरीच मुलं गळतात.