‘कॉसमॉस मिक्स’चं पाकीट कोकणातल्या परसात कितपत चालतं?

कृषी सेवा केंद्रात किंवा रोपवाटिकेत ‘कॉसमॉस मिक्स’ म्हणून जे पाकीट मिळतं, त्यावर बऱ्याचदा गुलाबी, पांढरी आणि केशरी फुलं एकाच ताटव्यात दाखवलेली असतात. किनारपट्टीवर तसा ताटवा एका पेरणीतून उभा राहत नाही. दोष बियाण्याचा नाही. चित्रात जाती दोन आहेत आणि इथे त्यांचे हंगामही दोन.

म्हणून पाकीट फोडलं की बी आधी पांढऱ्या कागदावर ओता. केशरी-पिवळ्या कॉसमॉसचं बी लांबट असतं, पुढे बारीक चोच. चोचीसकट दीड सेंटिमीटरच्या वर जातं आणि बोटाला खरखरीत लागतं. गुलाबी-पांढऱ्याचं बी काळं, गुळगुळीत, थोडं वाकडं आणि साधारण सेंटिमीटरभर. दोन ढीग सहज होतात. सगळं बी एकाच प्रकारचं निघालं तर चित्र विसरा आणि बियाण्याप्रमाणे हंगाम धरा. विकत घेतानाच उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता वाचा. पावसाळाभर दुकानाच्या दमट फळीवर पडलेलं पाकीट घेऊ नका.

केशरी जात ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसते. ऑगस्टच्या उत्तरार्धात, झड ओसरली की टोकावी. सात-आठ आठवड्यांत फुलं येतात. गुलाबी जातीला मात्र थंडी आणि लहान दिवस हवेत. परतीचा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तिची पेरणी करा. हीच जात मिरगात पेरली तर रोप नुसतं उंच वाढतं, पानांनी भरतं आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात आडवं होतं. मार्चचा उष्मा सुरू झाला की तिचा हंगाम संपतो. तेव्हा खत-पाणी वाढवून उपयोग नाही.

जमिनीच्या बाबतीत कोकण सुदैवी आहे. जांभ्याची हलकी, निचऱ्याची तांबडी माती कॉसमॉसला मानवते. वाफा वीतभर उंच करा, चौरस मीटरला दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत पुरे. युरिया नकोच. नत्र जास्त झालं की पाला माजतो, कळ्या लांबतात आणि दांडे पोकळ, लेचेपेचे राहतात. कुंडीसाठी दोन भाग चाळलेली माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग गांडूळखत. समुद्राची वाळू वापरू नका, तिच्यातलं मीठ कोवळी मुळं जाळतं. जागा किमान सहा तास उन्हाची हवी. माडाच्या दाट सावलीत फुलं येत नाहीत.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टोकायचं, वर बारीक मातीचा पातळ थर, आणि पाणी झारीने. पाच ते दहा दिवसांत उगवतं. उगवलंच नाही तर पाकिटाला दोष देण्याआधी माती उकरून पाहा: बी जागेवर नसेल तर मुंग्यांनी नेलं, मऊ पडलं असेल तर पाणी जास्त झालं. उगवलेली रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर तो मर रोग; ट्रेमध्ये दाटी आणि सतत ओल असली की हमखास येतो. पाणी सकाळीच द्या आणि वेळेवर विरळणी करा. चार खरी पानं आली की रोपं एक-एक फुटावर लावावीत, मुळाभोवतीची माती न मोडता.

रोप वीतभराचं झालं की शेंडा खुडा. हे काम बरेच जण टाळतात, पण फांद्या आणि फुलं त्यानेच वाढतात. समुद्राकडून थेट खारा वारा येत असेल तर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाची जागा निवडा आणि उंच रोपांना बांबूची काटकी द्या. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुतेकदा पुरतो. हिवाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, आली तर खालची पानं काढून हवा खेळू द्या.

हारासाठी ही फुलं घेऊ नका, पाकळ्या लगेच मलूल होतात. फुलदाणीत मात्र, नुकतंच उमलू लागलेलं फूल सकाळी कापलं तर चार-पाच दिवस छान राहतं.

पैशांच्या मानाने पाकीट चांगलं आहे, कारण गुलाबी जातीच्या एका ग्रॅममध्येच दीडशेच्या वर बिया भरतात. तरी निवड करता येत असेल तर मिक्सऐवजी वाणाचं नाव लिहिलेलं पाकीट घ्या. ‘सेन्सेशन’ हे १९३६ साली अमेरिकेत पुरस्कार मिळालेलं जुनं, तीन-चार फुटी वाण आडोशाच्या वाफ्यात उत्तम. कुंडीला आणि वाऱ्याच्या जागेला दोन फुटांच्या आतलं ‘सोनाटा’ बरं.

घरचं बी धरायचं तर फूल झाडावरच पूर्ण काळं पडू द्या, सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. इथल्या दमट हवेत कागदी पुडीतलं बी पावसाळाभर टिकत नाही. केशरी जातीची उरलेली वाळकी बोंडं मात्र वेळेवर खुडून नष्ट करा. ही जात मूळची मेक्सिकोकडची आणि आपोआप पसरणारी. हौसेने तिचं बी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, किंवा रस्त्याकडेला टाकू नका: पावसाळ्यात सड्यावर फुलणाऱ्या आपल्या रानफुलांची जागा ती घेते, आणि एकदा रुजली की उपटून संपत नाही.