कॅसिनोच्या बक्षिसातली केबिन

सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या क्रूझच्या बाल्कनी केबिन ‘जहाजाच्या कॅसिनोतील सभासदांना मिळालेल्या बक्षिसातून’ निम्म्या-पाऊण दरात मिळवून देतो, अशा आशयाचा संदेश गेले काही महिने सांगली, कोल्हापूर आणि पुण्याकडच्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरतो आहे. या संदेशावरून आमच्या कुटुंबाने दोन केबिन घेतल्या. जहाज खरे होते, प्रवासही झाला, फक्त ज्या वस्तूचे पैसे आम्ही दिले ती वस्तू आमच्या नावावर कधी नव्हतीच. संपूर्ण रक्कम घेऊन पसार होणाऱ्या भामट्यापेक्षा हा प्रकार अधिक पक्का आहे, कारण माणूस बंदरावर पोहोचतो, जहाजात चढतो, फोटो काढतो आणि परत आल्यावर तक्रार करू लागला की लोक विचारतात, ‘अहो, पण फिरून तर आलात ना?’ म्हणून सगळा व्यवहार तपशीलवार मांडते आहे.

या केबिन विकणारे एजंट गृहस्थ पुण्याचे. आमच्या गटातील एका परिचितांच्या ओळखीने ते आले. बोलणे अत्यंत आर्जवी, प्रत्येक वाक्यात ‘ताई’, आणि क्रूझची माहिती इतकी बारकाईने सांगणार की ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागा उरू नये. त्यांचे म्हणणे असे की, जहाजावरील कॅसिनोत भरपूर खेळणाऱ्यांना कंपनी पुढच्या सफरीची केबिन मोफत देते. या मंडळींना दरवेळी जायचे नसते, आणि मग ती केबिन वाया जाण्यापेक्षा ते आपला हक्क एजंटाला विकतात. पुराव्यादाखल त्यांनी कंपनीचे बोधचिन्ह असलेल्या प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवले, ज्यात सभासदाचे नाव काळ्या पट्टीने झाकलेले होते. ‘गोपनीयता पाळावी लागते’ हे कारण मला तेव्हा जबाबदारपणाचे वाटले. दोन बाल्कनी केबिन, एक सासू-सासऱ्यांसाठी आणि एक आम्हा दोघांसाठी, मिळून दोन लाख साठ हजार. शिवाय प्रत्येक केबिनमागे शंभर डॉलरचे कॅसिनो क्रेडिट (खेळण्यासाठीची रक्कम) आणि कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावर रोज आकारली जाणारी बक्षिशी, त्यातच, असा सौदा ठरला. परदेशी सहलीच्या पॅकेजवर भरावा लागतो म्हणून तेरा हजार रुपये टीसीएसचे, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारजमा करायच्या कराचे, वेगळे घेतले आणि त्यासाठी सर्वांच्या पॅन कार्डांच्या प्रतीही मागवल्या. पहिला हप्ता यूपीआयने त्यांच्या खात्यात गेला, दुसरा एनईएफटीने भलत्याच नावाच्या खात्यात.

आता या कथेतील कोणता भाग खरा आणि कोणता खोटा, ते सांगते. कॅसिनोत खेळणाऱ्यांना कंपन्या केबिन बक्षीस देतात, हे अगदी खरे आहे. ते बक्षीस बाजारात विकत मिळते, हे खोटे. त्यांच्या बोलण्यातले नव्वद टक्के तपशील पडताळून पाहिले असते तरी खरेच निघाले असते. खोट होती ती उरलेल्या दहा टक्क्यांत.

पैसे भरल्यानंतर मी बुकिंग क्रमांक मागितला. बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या संकेतस्थळावर बुकिंग क्रमांक, आडनाव आणि प्रवासाची तारीख यांसारखे तपशील घातले की केबिनचा प्रकार, ठरला असेल तर तिचा क्रमांक आणि बहुधा ग्रॅच्युइटी आधी भरली आहे की नाही, हे समोर दिसते. यासाठी एजंटाच्या मदतीची गरज लागत नाही. त्यांचे उत्तर आले की, हे कॅसिनो विभागाचे बुकिंग असल्याने ते सर्वसाधारण संकेतस्थळावर दिसत नाही. दरम्यान त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर ‘बुकिंग कन्फर्मेशन’ पाठवले, ज्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘केबिनचे वाटप उपलब्धतेनुसार’ असे होते. ऑनलाइन चेक-इनही त्यांनीच परस्पर केले आणि निघण्याच्या तोंडावर बोर्डिंग पासची कातरलेली छायाचित्रे पाठवली. केबिन क्रमांकाच्या जागी जीटीवाय ही तीन अक्षरे होती. हे काय, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘ताई, ग्रॅच्युइटी भरल्याची खूण आहे ती.’

वस्तुतः ही तीन अक्षरे म्हणजे ‘गॅरंटी’ प्रकारच्या केबिनची खूण. या प्रकारात प्रवासी फक्त केबिनचा वर्ग निवडतो आणि नेमकी कोणती केबिन द्यायची ते कंपनी नंतर ठरवते. म्हणून दर कमी असतो. ही पद्धत वाईट मुळीच नाही. ज्यांना रात्री झोपण्यापुरतीच केबिन हवी आहे, त्यांनी ती अवश्य घ्यावी. तिचा एक नियम मात्र नीट लक्षात ठेवावा: विकत घेतलेल्या वर्गापेक्षा वरची केबिन कंपनी देऊ शकते, खालची देत नाही. याचा अर्थ, आमच्या नावावर खरोखर बाल्कनी वर्ग घेतलेला असता, तर आम्हाला बाल्कनीच मिळाली असती. पुढे तक्रार लिहिताना हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडला, कारण ‘जहाजावर ऐनवेळी बदल झाला’ हा एजंटाचा बचाव या एका नियमापुढे टिकत नाही.

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवर पोहोचल्यावर हाती आलेल्या कार्डांवर केबिनचे क्रमांक होते. आमची केबिन जहाजाच्या अगदी नाकाशी, खालच्या मजल्यावर, आतल्या बाजूला, बिनखिडकीची. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र बहुधा शांत असतो, त्यामुळे पुढच्या टोकाला जाणवणारी डुचमळ आमच्या वाट्याला फारशी आली नाही. आवाज मात्र आला. फुकेतला मोठी जहाजे बरेचदा धक्क्याला न लागता पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतात, आणि नांगराची साखळी सुटते तेव्हा नाकाशी असलेल्या केबिनमध्ये एखादा लोखंडी जिना गडगडत खाली यावा तसा आवाज होतो. बंदरात शिरताना जहाज आडवे सरकवणारे पंखे सुरू झाले की पलंगही थरथरतो. केबिन निवडण्याची मुभा असेल, तर जहाजाच्या मध्यभागी, आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनचेच मजले असतील अशी जागा घ्यावी. नाट्यगृहाच्या वर, पोहण्याच्या तलावाच्या किंवा स्वयंपाकघराच्या खाली घेऊ नये. प्रत्येक कंपनी मजल्यांचे नकाशे संकेतस्थळावर ठेवते. ते दहा मिनिटे पाहिले तरी पुष्कळ कळते.

सासू-सासऱ्यांच्या केबिनला खिडकी होती. पडदा सरकवला तर समोर नारिंगी रंगाच्या जीवरक्षक होडीचे पोट, काचेपासून हातभर अंतरावर. तिचा पंखा आणि होडी झुलू नये म्हणून आवळलेला पट्टाही दिसत होता. आकाश दिसायचे ते वरच्या कोपऱ्यातून, चतकोराएवढे. फुकेतला प्रवाशांना किनाऱ्यावर नेण्यासाठी नेमकी हीच होडी भल्या पहाटे करकरत पाण्यात सोडली, तेव्हा सासूबाई दचकून उठल्या. पण होडी गेल्यावर दिवसभर त्यांना समुद्र दिसला आणि ‘आज आपली बाल्कनी उघडली’ असे सासरे ज्याला त्याला सांगत होते. अशा केबिन कंपनी ‘अडथळा असलेले दृश्य’ म्हणून उघडपणे, कमी दराने विकते. आम्हाला ती कशी मिळाली, तेही नंतर कळले. दोन्ही बुकिंग सर्वांत स्वस्त, आतल्या केबिनची होती आणि त्यांपैकी एकीला कंपनीने आपणहून बढती दिली होती. एजंटाने मात्र ‘काका-काकूंसाठी खास शब्द टाकला’ असा संदेश पाठवून त्याचेही श्रेय घेतले.

जहाजावरच्या प्रवासी सेवा कक्षात बुकिंगचा इतिहास विचारला. एका घाऊक एजन्सीमार्फत, जाहीर सवलतीच्या काळात घेतलेली साधी तिकिटे, ग्रॅच्युइटी न भरलेली, कॅसिनोचा कोठेही उल्लेख नाही, असे तिथे स्पष्ट सांगण्यात आले. त्या सफरीचे त्या वर्गाचे दर पाहता दोन्ही केबिन मिळून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास गेल्या असाव्यात. ग्रॅच्युइटीचे चौघांचे पावणेतीनशेच्या वर डॉलर आमच्या जहाजावरील खात्यावर रोजच्या रोज चढतच होते. मी तिथेच केबिनचा वर्ग आणि भाड्याचा प्रकार लिहिलेली प्रत आणि शेवटच्या दिवशी हिशेबाचा छापील कागद मागून घेतला. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे कागद मागायची सवय अंगवळणी पडली आहे, तिचा इथे उपयोग झाला. जहाज सोडल्यानंतर हे कागद मिळवणे फार जिकिरीचे होते.

राहिला प्रश्न शंभर डॉलरच्या क्रेडिटचा. कॅसिनो बंदरात बंद असतो. जहाज किनाऱ्याच्या हद्दीबाहेर गेले की उघडतो. तिथल्या काउंटरवरील मुलीने आमची कार्डे फिरवून पाहिली आणि काहीही जमा नसल्याचे सांगितले. मी तिला प्रमाणपत्राचे छायाचित्र दाखवले, तेव्हा तिने न कंटाळता सगळी व्यवस्था समजावून सांगितली, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी मला हवी होती ती माहिती तिच्याकडून मिळाली. बक्षिसासाठीचे गुण मिळतात ते केबिनचे कार्ड यंत्रात किंवा टेबलावर नोंदवून प्रत्यक्ष खेळणाऱ्याला, आणि त्याच्याच नावावर. ठरावीक गुण झाले की पुढच्या सफरीचे बक्षीस मिळते. त्यावर नाव, मुदत, केबिनचा वर्ग आणि लागू असलेल्या सफरी छापलेल्या असतात. तो सभासद स्वतः त्या केबिनमध्ये प्रवास करणार असेल तरच बक्षीस वापरता येते. सोबतीला एकाला नेता येते. विकणे तर दूरच, त्याला ते सख्ख्या भावालाही देता येत नाही. आणि ‘मोफत’ म्हणजे केबिनचे भाडे तेवढे माफ. बंदर शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी सभासदाला भरावीच लागते. खेळण्यासाठी दिलेले क्रेडिट रोखीत बदलून मिळत नाही. त्यावर खेळून जिंकले तर तेवढी जिंकलेली रक्कम हाती येते.

हे मी एजंटाला कळवले, तर त्यांचा सल्ला असा: ‘ताई, थोडं खेळून बघा, खातं सुरू झालं की क्रेडिट आपोआप दिसेल, आणि पुढची ट्रिप तुम्हालाच फुकट.’ हा सल्ला फसवणुकीचा दुसरा टप्पा होता, असे माझे मत आहे. गुण खिशातून घातलेल्या रकमेवर मोजले जात नाहीत. एकूण फिरवलेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा लावलेल्या, रकमेवर मोजले जातात, म्हणून ते भराभर वाढताना दिसतात. समजा एखादे यंत्र सरासरीने शंभरामागे आठ डॉलर ठेवून घेते. तर दहा हजार डॉलरची उलाढाल करून मिळवलेली ‘मोफत’ केबिन सरासरी आठशे डॉलरला पडते, आणि तेवढ्यात तीच आतली केबिन काउंटरवर विकत मिळते. शिवाय केबिनच्या खात्यावरून कॅसिनोसाठी पैसे उचलले, तर अनेक जहाजांवर त्यावर टक्केवारीने शुल्क लागते. ज्यांना खेळायची हौस आहे त्यांनी हौस म्हणून खेळावे; केबिन मिळवण्यासाठी खेळण्याचा हिशेब बसत नाही.

परत आल्यावर मी प्राप्तिकराच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तपशील, पाहिले. टीसीएस विक्रेत्याने सरकारजमा केला की तो आपल्या पॅनवर दिसतो आणि विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते. तिमाही उलटून गेली तरी आमच्या कोणाच्याही पॅनवर एक रुपयाही नव्हता. तेरा हजार ही रक्कम एकूण नुकसानीत लहान असली, तरी कागदोपत्री सर्वांत सरळ पुरावा तिचाच ठरला, कारण पावतीवर ‘टीसीएस’ असे स्पष्ट लिहिले होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. प्रवास घडलेला असल्यामुळे हा ग्राहकाचा वाद आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याची, मागणी करता आली असती. आपणच पाठवलेल्या यूपीआय आणि एनईएफटीच्या रकमेला तसा मार्ग नाही. वकिलांची नोटीस गेल्यावर टीसीएसचे पैसे मुकाट्याने परत आले आणि उरलेल्या रकमेऐवजी ‘पुढच्या वर्षीच्या क्रूझचे व्हाउचर’ देऊ केले गेले, तक्रार मागे घेण्याच्या अटीवर. ते आम्ही नाकारले आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. प्रकरण सध्या आयोगापुढे आहे.

याच एजंटाकडून त्याच जहाजावर आलेली इतरही कुटुंबे आम्हाला भेटली होती. त्यांतील एकांनी तर लग्नाच्या वाढदिवसासाठी बाल्कनी सजवून देण्याचेही वेगळे पैसे दिले होते. त्यांपैकी बहुतेकांचा सूर ‘जाऊ द्या, कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार’ असा आहे. त्यांच्यासाठी एवढीच माहिती: तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, कंपनीकडून बुकिंगचा तपशील ईमेलने अजूनही मागवता येतो, आणि बोर्डिंग पासची ती कातरलेली छायाचित्रे फोनमधून पुसू नका.