दहावीनंतर कॉम्प्युटर : डिप्लोमा की अकरावी सायन्स?

सांगली-मिरजेच्या मुलांसाठी दोन्ही वाटांनी इंजिनिअरिंगच्या पदवीला वर्षं सहाच लागतात: डिप्लोमा ३ अधिक पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन ३, किंवा अकरावी-बारावी २ अधिक ४. फरक मध्येच थांबावं लागलं तर कळतो. डिप्लोमावाल्याच्या हाती तीन वर्षांत नोकरीसाठी चालणारा कागद असतो. नुसत्या बारावीवर तसं काही नसतं. म्हणून घरची ओढाताण असेल तर मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन आधी बघा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटी (प्रवेश परीक्षा) नाही.

खड्डा गणितात आहे. थेट दुसऱ्या वर्षात गेलं की पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित शिकायचं राहून जातं आणि तिसऱ्या सत्रात मुलं अडखळतात. उन्हाळ्यात कॅल्क्युलस, मॅट्रिक्स पक्कं करूनच जा. गणित आवडत असेल तर सायन्स घ्या, सीईटी द्या, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजवर नजर ठेवा.