आचारसंहिता की निवडणूक याचिका?

विधानसभेला उभा राहिलेला मंत्री सरकारी खर्चाने स्वतःचा प्रचार करत असेल, तर त्याला रोखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आदर्श आचारसंहितेचा, जिची सुरुवात 1960 मध्ये केरळात झाली. निवडणूक जाहीर होताच प्रचारासाठी शासकीय वाहने वापरणे, सरकारी पैशांतून जाहिराती देणे, भूमिपूजने उरकणे आणि नव्या अनुदानांच्या घोषणा करणे यांना मनाई होते. तिला कायद्याचे थेट पाठबळ नाही, हे खरे. पण ती त्याच क्षणी लागू होते.

दुसरा मार्ग 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा. प्रचारासाठी सरकारी कर्मचाऱ्यांची मदत घेणे हा कलम 123(7) नुसार भ्रष्ट आचार ठरतो आणि निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. सभेचे व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकांची वीज सरकारी अधिकाऱ्यांकरवी पुरवली गेली, हा इंदिरा गांधींची लोकसभेवरील निवड रद्द करताना अलाहाबाद उच्च न्यायालयाने ग्राह्य धरलेला एक मुद्दा होता. मात्र निवडणूक 1971 ची, निकाल 1975 चा, आणि तोही पुढे सर्वोच्च न्यायालयात फिरला.

म्हणूनच मला आचारसंहिता अधिक उपयोगी वाटते. निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या उधळपट्टीला मात्र दोन्ही मार्ग फारसा हात लावत नाहीत.